शाईचं रिंगण

आमच्या घरातलं पहिलं निदान मी केलं, तेही दहाव्या वर्षी. हे मी अजूनही ऐटीत सांगते, कारण तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.

झालं असं, की आषाढात थोरल्या वहिनीच्या कमरेला, लुगड्याची गाठ करकचून बसते तिथं, एक चट्टा उठला. ती तो लपवत होती. पण चुलीपुढं बसल्या बसल्या तिचा हात सारखा कमरेला जायचा, आणि ते माझ्या आईनं हेरलं. चट्टा न बघताच आईनं ठरवून टाकलं की हा महारोग.

"पोळ्यापस्तोर बगते," ती वहिनीला म्हणाली. "अंग साफ झालं तर बरं. न्हाईतर तुजं माहेर तुला, आन् माज्या लेकाला दुसरी."

वहिनी खाली मान घालून भाकरी थापत राहिली. मला मात्र असा संताप आला की मी दोन दिवस आईच्या हातचं खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी थालीपीठ होतं, तेव्हा खाल्लं.

परक्या पुरुषाला कंबर दाखवणं वहिनीला जमणारं नव्हतं, मग तो हकीम का असेना. म्हणून तिच्या वतीनं मी गेले. वडलांच्या गाडीतून चौसाळ्याच्या बाजारी उतरले, तर दर बाजारी औषधं द्यायला येणारे हकीमसाहेब एका दुकानाच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसलेले. मी त्यांच्यापुढं धुळीत बोटानं चट्टा काढला. कड उंच, लाल, बारीक पुरळाची; मधली कातडी जवळजवळ साफ.

"खाजतं का, बेटी?"

"लई."

"मग घरी जाऊन तिचे डोळे बांध, अन् कोंबडीचं पीस त्या जागेवर फिरव. कळलं तर महारोग न्हाई. त्याच्या चट्ट्याला काई कळत न्हाई, अन् तो असा खाजत बी न्हाई."

त्या दिवशी बैल इतके हळू का चालतात म्हणून मी वडलांशी भांडले. घरी पोचताच मागच्या खोलीची कडी लावली, वहिनीचे डोळे बांधले. पीस टेकतं न टेकतं तोच तिला गुदगुल्या झाल्या आणि ती हसायला लागली. मी दहा वेळा पीस फिरवलं, दहाही वेळा तिला कळलं. "गजकर्ण हाय वहिनी, निव्वळ गजकर्ण," असं मी म्हणाले, आणि आनंदानं खोलीभर नाचले.

हकीमसाहेबांनी करंजाच्या तेलातलं गंधकाचं मलम दिलं होतं. ते चट्ट्याच्या कडेबाहेरही बोटभर चोळायचं आणि खाज थांबली म्हणून सोडायचं नाही, असा हुकूम होता. आमच्याकडं गजकर्णाभोवती शाईचं रिंगण ओढायची रीत होती; तो म्हणे त्या कुंपणाबाहेर जात नाही. मीही दादाच्या दौतीत बोरू बुडवून रिंगण ओढलं. कुंपणाचं मला माहीत नाही, पण त्या रेघेचा खरा उपयोग मला आठ दिवसांनी कळला. चट्टा कुठं होता आणि कुठं आला, ते तिच्यावरून दिसत होतं. कड चांगली बोटभर आत सरकली होती. मी आत दुसरं रिंगण ओढलं.

मग काय विचारता. गावात कोण कुठं खाजवतं यावर माझा डोळा. गड्याच्या पायाच्या बोटांत चिखल्या, शेजारणीच्या मानेवर पांढुरकी शिबं, एवढंच काय, गोठ्यातल्या वासराच्या डोळ्याभोवतीसुद्धा गजकर्ण. शेजारीण शिबांना कोड समजून रडत होती. तिला मी ठणकावून सांगितलं की हे कोड नव्हे. "बास कर गं, डागदरीण," आई म्हणायची.

श्रावण लागला आणि चट्टा उलटला. मलम रोज मी माझ्या हातानं लावत होते, तरी दहा दिवसांत त्यानं आतलं रिंगण ओलांडलं, मग बाहेरचंही. पोळा वीस दिवसांवर आला होता. मी गोठ्यात जाऊन रडले.

पुढच्या बाजारी हकीमसाहेबांनी मलमाबद्दल काही विचारलं नाही. "ती सकाळपासून काय काय करते ते सांग," म्हणाले. मी सांगू लागले. विहिरीवर अंघोळ, मग महादेवाला ओलेत्यानं अकरा फेऱ्या. अंग साफ होऊ दे म्हणून तिनं नवस बोललाय, महिनाभराचा. नवसाचं लुगडं अंगावरच वाळवायचं, आणि पावसापाण्याचं ते दुपारपर्यंत वाळत नाही.

हकीमसाहेबांचा दाढीवरचा हात थांबला. "नवसाचं मी काई बोलणार न्हाई, बेटी. मी कपड्याचं बोलतो. कपडा कोरडा पायजे. हे दुखणं ओलीवर जगतं."

म्हणजे बरं होण्यासाठी बोललेला नवसच त्या चट्ट्याला पाणी घालत होता. मला सापडलं होतं. घर येईपर्यंत माझ्या जिवाला थारा नव्हता.

पण वहिनी ऐकेना. "मरंन, पर नवस मोडायची न्हाई, वन्सं."

आई दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली आणि पहिल्यांदाच तिनं वहिनीला गाठ सैल करायला लावली. शाईची दोन रिंगणं आणि त्यांच्या बाहेर गेलेली लाल कड तिनं वाकून पाहिली. मी पीस आणलं. वहिनी या खेपेला हसली नाही. डोळे मिटून नुसतं "कळतंय" म्हणाली.

"नवस घराचा असतो," आई म्हणाली. "ऱ्हायलेल्या फेऱ्या मी घालते. तू कोरडी ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भुरभुर पावसात आई निथळत्या लुगड्यानं महादेवाला फेऱ्या घालत होती, ओठ निळे पडलेले. महिनाभर मी तिच्यावर राग धरून होते. त्या सकाळी मला ती फार आवडली.

वहिनीची लुगडी आम्ही राखेच्या पाण्यात उकळली, ऊन मिळेल तशी वाळवली. पोळ्याला तिच्या कमरेवर तपकिरी डाग तेवढा उरला होता, आणि बैलांना तिनंच ओवाळलं.

गौरीसाठी घर सारवायला काढलं, तेव्हा आईनं आम्हा दोघींना मागच्या खोलीत बोलावून कडी लावली. तिनं आपली गाठ सैल केली. कमरेला रुपयाएवढा लाल चट्टा होता, कड उंच. आई वहिनीकडं बघत नव्हती.

वहिनीनं वाकून तो नीट पाहिला. मग मलमाची डबी फळीवरून काढत मला म्हणाली, "वन्सं, दौत आणा."