उशिरास कारण की...

इतर वकिलांच्या ऑफिसात फायली साठतात, आमच्या ऑफिसात सबबी साठायच्या! नगरला भाऊसाहेब वकिलांकडे मी ज्युनियर होतो, तेव्हाच्या म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपासच्या या गोष्टी. लेबर कोर्टात कामगार हरला की त्यानं ठरलेल्या मुदतीत वरच्या कोर्टात अपील करायचं. मुदत टळली तर आधी ‘उशीर माफ करा’ असा अर्ज, आणि त्यात सबळ कारण. वेळेवर येणारे पक्षकार आमच्या नशिबी नव्हतेच.

* * *

सबळ कारण म्हणून भाऊसाहेब डोळे मिटून टायफॉइड लिहायचे. एकदा वरच्या कोर्टाचे साहेब वैतागले. “वकीलसाहेब, तुमच्या जिल्ह्यात कामगार हरला की त्याला टायफॉइड होतोच का हो?”

भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, “होतो साहेब. जिंकलेले मात्र ठणठणीत असतात!”

त्या दिवसापासून आम्ही कावीळ लिहू लागलो.

* * *

संगमनेरचे अब्दुलभाई ड्रायव्हर आले, तेव्हा त्यांची मुदत केव्हाच टळली होती. भाऊसाहेब कडाडले, “इतके दिवस होता कुठं?”

“तुमच्याच हापिसात, वकीलसाब! रोज बाकावर बसून चहा पीत हुतो. कुनी इचारलंच न्हाई.”

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. “मग कारण काय लिहू?” मी चाचरत विचारलं.

“लिही कावीळ,” ते म्हणाले. “आपल्या दोघांना!”

* * *

एकदा तर अशा अर्जाच्या सुनावणीलाच भाऊसाहेब उशिरा पोचले. एसटी वाटेत बंद पडलेली, धक्का मारून कोट धुळीनं माखलेला.

साहेब म्हणाले, “उशीर माफीच्या अर्जालाही उशीर?”

“त्याचाही अर्ज आहे साहेब. तोंडी!”

* * *

पण सगळ्यांवर कडी केली ती रंगनाथनं. नेवासा तालुक्यातला हा गडी साखर कारखान्यात बॉयलरवर होता. सुपरवायझरशी वाजलं आणि नोकरी गेली. केस जिंकणारच, या खात्रीनं निकालाच्या दिवशी त्यानं कोर्टात जाता जाताच पेढे घेतले. आणि हरला!

पेढे टाकवेनात. पुडा हातात धरून तो गावात एसटीतून उतरला. गावानं पुडा पाहिला आणि निकाल लावून टाकला. गुलाल काय, हलगी काय! त्याचा म्हातारा बाप गुडघेदुखी विसरून नाचला. रंगनाथनं पुडा सोडला आणि पेढे वाटून टाकले.

मग हा रोज डबा घेऊन ‘ड्यूटी’वर निघायचा आणि लांब कुठल्या तरी दुष्काळी कामावर खडी फोडायचा. मुदत निघून गेली. शेवटी गावातलीच माणसं त्या कामावर आली आणि बिंग फुटलं. बायको चंद्रभागा त्याला धरून आमच्याकडे घेऊन आली. म्हणाली, “काय बी करा, पर ह्यांना पुन्यांदा कारखान्यात लावा.”

“कावीळ...” भाऊसाहेब मला सांगू लागले.

“न्हाई वकीलसाहेब,” रंगनाथ म्हणाला. “खोटं लई दिस बोललो. आता नगं.”

मी लिहायला घेतलेली कावीळ खोडली.

सुनावणीला कारखान्याचे वकील तावातावानं उभे राहिले. साहेबांनी रंगनाथला विचारलं, “मुदतीत अपील का केलं नाहीत?”

तो हात जोडून म्हणाला, “साहेब, गावात मी जिंकलो हुतो. जिंकलेला मानूस अपील कसं करनार?”

कारखान्याचे वकील हसू दाबायला खाली वाकले, ते वर येईचनात! साहेबांनी उशीर माफ केला, अपील दाखल करून घेतलं. पेनाला टोपण लावता लावता त्यांनी चंद्रभागेला सहज विचारलं, “बाई, हा हरलाय हे तुम्हाला कधी कळलं?”

“त्याच दिवशी, साहेब. एसटीतून उतरतानाच. त्यांचं तोंडच सांगत हुतं.”

“मग बोलला का नाहीत?”

चंद्रभागेनं पदर सावरला.

“समदं गाव नाचत हुतं साहेब. सासरा बी. मी एकलीनं हलगी कशी थांबवायची?”