ट्रंकेतला वाघ

गुणवंतरावांना एकच पाठ येत होता आणि त्या एका पाठावर त्यांनी अख्खी नोकरी काढली. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. खेड्यातल्या मास्तरांना शिकवायचं कसं ते दाखवायला खात्यानं हा माणूस नेमला होता. मूळचे वरोऱ्याकडचे, बापाची कापसाची शेती. पण मास्तर घडवणाऱ्या नॉर्मल स्कुलात शिकताना घरची बोली तिथंच धुऊन टाकली आणि पुस्तकातल्यासारखं बोलू लागले. सोबत एक ट्रंक असे. ट्रंकेत मातीचा रंगवलेला वाघ, तणसात गुंडाळलेला, बाळंतिणीच्या पोरासारखा.

पाठाची रीत अशी, की विषयाचं नाव मास्तरानं घ्यायचं नाही, ते पोरांच्या तोंडून काढून घ्यायचं. अंगावर पट्टे कोणाच्या? रानाचा राजा कोण? पोरं ‘वाघ’ म्हणाली की ट्रंक उघडायची. मग वाघ टेबलावर, टाळ्या, आणि दुपारी मास्तराच्या घरी कोंबडी, तीही कमी तिखटाची, कारण साहेबांना पित्त. मास्तराची अडचण ऐकायला त्यांना कधी सवड झाली नाही. खडू कसा धरावा, फळ्याकडे पाठ किती वळवावी, एवढं सांगून ते पुढच्या गावी जात. मास्तर लोक बिचारे त्यालाच मदत म्हणत.

भामरागडच्या वाटेवर माडिया आदिवासींच्या एका गावात वारलू नावाचा तरणा मास्तर होता. धानाच्या मुलखातला, साध्या शेतकऱ्याचा पोरगा. घरोघर फिरून त्यानं पोरं जमवली होती. पोरं येत, पाटीवर लिहीत, पण वर्गात तोंड उघडत नसत. घरी माडिया, पुस्तकात मराठी. मधल्या मधे जीभ टाळूला चिकटायची. मुक्या वर्गावर मास्तर कशाला पोसायचा, शाळा उचलून दुसरीकडे न्या, असं खात्यात बोलणं निघालं होतं. गुणवंतराव बघून जे सांगतील ते होणार होतं.

पावसाळा सरून वाट मोकळी झाल्यावर साहेब आले, सुकलूच्या बैलबंडीतून. सुकलू गावचाच, त्याची बुधरी वारलूच्या वर्गात बसायची. साहेब खाली उतरतात तोच वारलूनं विचारलं, “साहेब, पोरं बोलत नाईत. मी माथा फोडून राह्यलो. काय करू, तेवढं सांगा.”

साहेब म्हणाले, पाठ बघा, सारं कळेल.

विषय वाघाचा, हे ऐकून वारलूचा चेहरा उतरला. त्यानं समजावून पाहिलं. गावची गाय नुकतीच नेली आहे. इथं त्याचं नाव कोणी घेत नाही, नाव घेतलं की तो येतो असं मानतात. लई झालं तर ‘मोठा’ म्हणतात. साहेबांनी दुसरा एखादा पाठ घ्यावा. दुसरा असता तर घेतला असता. गुणवंतराव हसले आणि खुळ्या समजुती घालवायलाच शिक्षण असतं, यावर त्यांनी वारलूला उभ्या उभ्या व्याख्यान दिलं.

पाठ सुरू झाला. रानाचा राजा कोण? पोरं गप्प. पट्टे कोणाच्या अंगावर? पोरं जमिनीकडे पाहू लागली. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. एवढा मराठी शब्द त्या रानात कोणाला कळत नव्हता? बुधरीला उभं करून साहेबांनी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. पोरीनं ओठ दातांत घट्ट धरले. शेवटी साहेबांनी स्वतःचीच रीत मोडली. ट्रंक उघडली, वाघ वर धरला, मोठ्यानं त्याचं नाव घेतलं आणि म्हणा माझ्या मागून, असं फर्मावून वर एक डरकाळीही फोडली.

पोरं उठली आणि एकामागून एक निमूट बाहेर गेली.

मंद आहेत, साहेब म्हणाले, शाळा उचलावी लागेल. आणि बंडी जुंपायला सांगितली. पण वर्गात काय झालं ते पोरांनी तोवर गावभर सांगितलं होतं. सुकलू बैल सोडून पारावर बसला होता.

“ज्यानं नाव घेतलं, त्याले मी बंडीत नाई बसवत,” तो म्हणाला. “पायी जाऊ दे.”

त्या रानातून पायी जायचं म्हटल्यावर साहेब वारलूच्या तोंडाकडे बघू लागले. वारलूनं मधे पडून तोड काढली. मातीचा वाघ शिवेवरच्या देवापाशी ठेवायचा, वाटेत नाव काढायचं नाही, आणि वारलूनं सोबत यायचं. खुळ्या समजुतींचा तो वैरी दोन्ही हातांनी वाघ धरून शिवेवर गेला, ठेवला आणि कोणी न सांगता पाया पडला.

मोहाच्या दाट रानात बंडी शिरली. बांबूच्या बेटात काहीतरी खसखसलं. गुणवंतरावांनी धोतर गुडघ्यावर ओढलं आणि मागून सुकलूच्या गळ्यालाच मिठी मारली.

“सुकलूभाऊ, तो... तो मोठा इथी नसन ना गा?”

पुस्तकी भाषा कुठच्या कुठं पळाली होती. वरोऱ्याकडचा बाप तोंडातून बोलला होता.

“मोर हाये,” सुकलू म्हणाला.

सडकेवर जंगलखात्याची लॉरी उभी होती. चढण्याआधी साहेबांनी वारलूला बाजूला घेतलं. “मास्तर, वाटेतलं वाटेतच राहू द्या. तुमची शाळा राहील.” वर्ग कसा चालतो, पोरांना काय हवं, यातलं काही त्यांना कळलं म्हणून शाळा राहिली नाही. आपलं हसं होईल या त्यांच्या भीतीनं राहिली.

वारलूनं कबूल केलं. सुकलूला कोणी काही विचारलंच नव्हतं.

गावी परतल्यावर दुसऱ्या सकाळी वारलू वर्गात शिरला, तर बुधरी मधोमध उभी होती. तिनं लुगड्याचा काठ गुडघ्यावर ओढला, शेजारच्या पोराच्या गळ्याला मिठी मारली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, “सुकलूभाऊ, तो मोठा इथी नसन ना गा?”

“मोर हाये,” सारा वर्ग ओरडला.

वारलूनं फळ्याकडे तोंड केलं. हसू आवरलं तसं पाठमोऱ्यानंच विचारलं, “मंग मोर काय म्हणाला?” आणि पोरं सांगू लागली. अर्धं माडियात, अर्धं मराठीत. त्यानं कोणाला थांबवलं नाही.

गुणवंतराव पुढं मोठ्या हुद्द्यावर चढले. मास्तरांच्या सभांत ते सांगत, की भामरागडच्या मुक्या पोरांना मी बोलतं केलं. पाठ मात्र बदलला होता. ट्रंकेत आता मातीचं कमळ असे.