धवलारणीच्या सुनेचा फोन

नोकरीतल्या फाइली मी घरी आणायचो नाही. ही एक मात्र डोक्यात बसून आली आणि अजून जायचं नाव घेत नाही.

पनवेल भागात पोलीस निरीक्षक म्हणून माझी शेवटची वर्षं चालू होती. एका दुपारी उलव्याच्या पुढं खाडीकाठच्या खाजणात एक खासगी हेलिकॉप्टर कोसळलं. एक पायलट जागीच गेला, दुसरा बेशुद्ध. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, बंदोबस्त लावला. विमान अपघातांची चौकशी करणारं पथक दिल्लीहून आलं आणि चिखलातून नारिंगी पेटी काढून घेऊन गेलं. पायलटांचं बोलणं आणि यंत्रांच्या नोंदी तिच्यात साठवलेल्या असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "शेजारच्या गावात काल हळदीला ड्रोन उडत होता. त्यानंच पाडलंय." खबर देणारा ड्रोनवाल्याच्याच धंद्यातला दुसरा लग्नाचा फोटोग्राफर होता, हे फार नंतर कळलं. खबऱ्याचा धंदा कोणता हे आधी बघावं, असं मी नव्या पोरांना कायम बजावायचो. त्या दिवशी स्वतःच विसरलो. ड्रोनवाला लग्नाच्या मांडवात शूटिंग करत होता. सगळ्या वऱ्हाडादेखत आम्ही त्याला जीपमध्ये घातलं.

तो तिशीतला, त्याच गावचा, मिठागरात राबलेल्या बापाचा एकुलता एक.

"ड्रोन कुठंय?"

"आणलाच नव्हता, साहेब."

मी त्याच्यापुढं त्याचीच रील लावली. वरून दिसणारा मांडव, खाली हळदीच्या बायका, आणि लगेच डोक्यावरून जाणारं हेलिकॉप्टर.

"मग हे काय तुझ्या आज्यानं झाडावर चढून काढलं?"

तो ढसाढसा रडायला लागला. "उडवला होता, साहेब. पन हेलिकॉप्टर आलं तवा खाली होता. ते मी जमिनीवरून काढलं. रीलमध्ये शॉट एकाला एक जोडलेत. विमानतळाजवळ उडवायची परवानगी नाय, म्हनून घाबरलो."

"मूळ शूटिंग काढ."

"पुसलं."

ड्रोनमधलंही भीतीपोटी पुसलं होतं. रीलवर तर, या रीलवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे, मूळ आवाज काढून सिनेमाचं गाणं चढवलेलं. त्याच्या घरी सापडलेला ड्रोन शाबूत होता, पण तो चुकवायला पायलटनं गिरकी घेतली असेल, असा माझा अंदाज. माणूस मेला होता, कलम साधं लागणार नव्हतं. पोरगा कित्येक वर्षं आत गेला असता. आणि एकदा खोटं बोलला तो शेवटपर्यंत खोटाच, हा आम्हा पोलिसांचा जुना आजार. अटकेचे कागद टाइप करायला मी सांगितलंसुद्धा.

माझे हवालदार उरणकडचे, आगरी. ते म्हणाले, "साहेब, धवले चालू असताना धवलारीण मांडवात माशी घोंघावू देत नाही. तिला विचारून तर बघा."

धवलारीण म्हणजे लग्नाचे विधी धवले नावाच्या गाण्यांतून पार पाडणारी बाई. ही सत्तरीची, ताठ. तिच्या घरी गेलो, तर मी विचारायच्या आतच कडाडली.

"ड्रोन मीच उतरवला! देव बसलेले, आनि वर भुंगा फिरवतंय. धवला मधी तोडायचा नसतो, त्याच्यापायी मला तोडावा लागला. पुना पहिल्यापासून धरला. हेलिकॉप्टर त्याच्या मागून आलं."

"आजी, पुरावा लागतो."

"माजा शबुद पुरावा नाय?" ती एवढी दुखावली की पाठ करून बसली.

तेवढ्यात दारातून सून हळूच म्हणाली, "साहेब, माज्याकडं आवाज हाय. सगलाच हाय." धवले तोंडून ऐकूनच शिकायचे, यंत्रात भरायचे नाहीत, हा सासूचा दंडक. सुनेला ते पाठ करायचे होते, म्हणून फोन पदराखाली धरून तिनं चोरून रेकॉर्डिंग केलं होतं. म्हातारीनं तिच्याकडं रोखून पाहिलं. मला वाटलं, आता घरात महाभारत होणार.

"चोरटी कुटली," म्हातारी म्हणाली. "दे त्यांना. पोराचा जीव जातोय."

फोन रीतसर पंचांसमक्ष ताब्यात घेतला आणि पथकाकडं पाठवला. पेटीतला आवाज मला कुणी ऐकवला नाही, तो गोपनीय असतो. पथकातल्या आवाजाच्या तज्ज्ञ बाईंनी फोनचंच रेकॉर्डिंग लावून समजावलं. आधी ड्रोनची घरघर, मग म्हातारीची शिवी, घरघर बंद. मग सलग धवला, त्यात ड्रोनचा मागमूस नाही. शेवटी हेलिकॉप्टरच्या आवाजात लोखंड घासल्यासारखी खरखर. "हीच खरखर आमच्या पेटीत खाडीवरच सुरू झालीय," बाई म्हणाल्या. "कंपनाच्या नोंदीही तेच सांगतात. गाव यायच्या आधीच गिअरबॉक्स जात होता."

पथकाचं लेखी पत्र आलं. विनापरवाना ड्रोनची केस राहिली, मृत्यूचा ठपका गेला. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि सुनेचा फोन परत द्यायला गावात गेलो. म्हातारी म्हणाली, "पोराला कामं मिलत नाय. ठरलेली सोयरीक मोडली. तुमी नेलात ते गावानं बघितलं. सोडलात ते कुनी बघितलं?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत कितीजणांना चौकशीला उचललं आणि "जा घरी" म्हणून मागच्या दारानं सोडलं, त्याची नोंद कुठल्याच स्टेशन डायरीत नाही. माणूस निर्दोष ठरला की आपलं काम संपलं असं मी धरून चाललो होतो. ते तिथं संपत नाही, हे मला त्या म्हातारीनं शिकवलं.

रविवारी गावदेवीच्या देवळासमोर गावकी भरली. मी वर्दीत गेलो. म्हणालो, "परवानगीशिवाय ड्रोन उडवला, त्याचा खटला होईल. हेलिकॉप्टर या पोरानं पाडलं नाही. चूक माझी झाली." शेवटचं वाक्य हळूच निघालं, खोटं कशाला सांगू.

मग शेवटच्या रांगेतून त्या पोराचा बाप उठला.

"साहेब, परत एकदा बोला. मागं आयकू नाय आलं."

मी परत बोललो, मोठ्यानं.