दगडांची न्याहारी

आठव्या दिवशी तपासणीच्या नळीतलं पाणी हिरवंगार झालं आणि बिट्टूजी माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मीच टाकीत मुतले होते.

"आंटीजी, पत्थर धोये थे?"

"चार वेळा. वर दहा दिवस ड्रममध्ये भिजवले, रोज पाणी बदललं."

"फिर ये अमोनिया कहां से आया?"

ते मला माहीत असतं तर मी सांगितलं नसतं का?

टाकी मोहालीजवळच्या मुल्लानपूरच्या एका नव्या कोठीतली; बंगल्याला इकडे कोठी म्हणतात. सहा फुटी, समुद्राच्या माशांसाठी. मासा अजून एकही नव्हता. नुसते दगड, मिठाचं पाणी आणि पंप.

मी चौथी शिकलेली. माझा बाप कोकणात गडगे रचायचा. गडगा म्हणजे चुना-सिमेंटाशिवाय नुसत्या दगडांचा बांध. मुलाला मोहालीत नोकरी लागली म्हणून मी इकडे आले. दिवसभर घरात बसून सून मला कंटाळली, मी तिला कंटाळले. बिट्टूजींचं माशांचं दुकान मनीमाजऱ्याच्या बाजारात आहे. एकदा त्यांच्या टाकीतली दगडांची चळत तिसऱ्यांदा ढासळताना पाहिली आणि मी दारातूनच म्हणाले, "मोठा दगड खाली घाला. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका." तेव्हापासून दगड माझ्याकडे.

खाली घालतात त्याला बेस रॉक म्हणतात. सुका, मेलेला, भोकाभोकांचा दगड. तो सरळ काचेवर बसवायचा आणि वाळू नंतर ओतायची. आधी वाळू टाकली तर उकरणारे मासे पाया पोखरतात. वर जिवंत दगडाचा एक तुकडा ठेवायचा. जिवंत म्हणजे त्याच्यात चांगले जंतू असतात. ते हळूहळू खालच्या भोकांत घर करतात आणि माशांची घाण खातात. त्या घाणीचा जो विषारी अंश होतो तो अमोनिया. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक. हिरवं झालं तर अमोनिया.

बिट्टूजींची पद्धत अशी की पहिले आठ दिवस काहीच घालायचं नाही. पिवळं राहिलं तर दगड स्वच्छ. आमचं हिरवं झालं, म्हणजे भोकांत काहीतरी कुजत होतं. म्हणजे धुणारी कामचुकार.

"परसों सब पत्थर बाहर," बिट्टूजी म्हणाले. "और आप अब काउंटर पे बैठो."

काउंटर म्हणजे गोल्डफिशच्या पिशव्यांना रबर लावणं. मी म्हातारी आहे, मेलेली नाही. मी म्हणाले, "परवा मी आधी जाते. तुम्ही क्रेट घेऊन मागून या."

एक गोष्ट मला खुपत होती. पाण्यावर तवंग होता. दगडाला तवंग येत नाही.

ठरल्या दिवशी सकाळी सातला कोठीवर पोचले. नोकराने दार उघडलं. लॉबीत मालकांची आई, बीजी, मोढ्यावर, म्हणजे वेताच्या बुटक्या बैठकीवर, चढून उभ्या. ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांना जाड भिंग. टाकीचं झाकण बाजूला, हातात स्टीलची वाटी.

"बीजी! हे काय चाललंय?" मी हिंदीत ओरडले.

"मच्छियां नूं नाश्ता," बीजी शांतपणे म्हणाल्या आणि कणकेची गोळी आत सोडली.

"मासे कुठायत पण?"

"पत्थरां दे पिच्छे. बडियां शर्मीलियां ने. मेरे जांदियां ई सब खा लैंदियां ने." म्हणे लाजाळू आहेत, या गेल्या की लगेच सगळं खातात.

गोळ्या घरंगळत दगडांच्या भोकांत जात होत्या. मी वाकून पाहिलं. माझ्या सगळ्या भोकांत कणीक! काही गोळ्यांना तूपही होतं. मग मला जे हसू सुटलं! पोट धरून खाली लादीवर बसले. बीजींना कळेना, पण त्याही हसायला लागल्या. मोढा हलायला लागला तेव्हा मी उठून त्यांना धरलं.

नातवाचा कॅनडाचा व्हिसा अडकला होता. शेजारणीने सांगितलं होतं, चाळीस दिवस माशांना कणकेच्या गोळ्या घाल. घरात टाकी आली तेव्हा बीजींना वाटलं, देवानेच पाठवली.

तेवढ्यात बिट्टूजी क्रेट घेऊन आले. मी वाटी त्यांच्या नाकाखाली धरली.

"हा घ्या तुमचा अमोनिया. तुपातला."

त्यांनी वाटीकडे बघितलं, बीजींकडे बघितलं आणि ते क्रेटवरच बसले. पगडीखालचा चेहरा लाल झाला. नंतर इतके हसले की नोकर पाणी घेऊन आला.

"बीजी, अंदर एक भी मच्छी नहीं है!"

"तैनूं नहीं दिखदी," बीजी म्हणाल्या.

दगड बाहेर काढले नाहीत. वरवरची कणीक मी रबरी नळीने ओढून घेतली, तवंग कागदाने टिपला आणि वाटी बंद केली. बीजी रुसल्या. मी त्यांना सुखना लेकवरची बदकं सुचवली. त्या म्हणाल्या, बदकं व्हिसाच्या कामाची नाहीत.

आता गंमत ऐका. रोज नळी बघत गेलो तर हिरवं फिकं होत गेलं. तिसऱ्या आठवड्यात पिवळंधमक. परीक्षा म्हणून संध्याकाळी चिमूटभर माशांचं खाणं टाकलं, दुसऱ्या दिवशीही पिवळं. म्हणजे जंतू भोकाभोकांत बसले होते. एरवी याला महिना लागतो, कधी दीडही. बीजींनी आठ-दहा दिवस जंतूंना जेवू घातलं होतं, तेही आम्ही त्यांना उपाशी ठेवलेलं असताना.

"आंटीजी, अगली टाकी में भी आटा डालें?" बिट्टूजींनी विचारलं.

"नको. तूप कोण पुसणार?"

पण आता पहिल्या दिवसापासून मोजून चिमूटभर खाणं टाकतो. दगड मीच रचते. काउंटरवर बिट्टूजी बसतात.

पहिले दोन मासे सोडले तेव्हा बीजी भिंग पुसून काचेजवळ आल्या. मासे दगडाच्या भोकात घुसले आणि दिसेनासे झाले.

"देख," त्या मला म्हणाल्या. "मैं केहा सी." मी म्हटलंच होतं, असा तोरा.

नातवाचा व्हिसा मासे यायच्या चार दिवस आधीच आला होता. तो कशाने आला ते मला माहीत नाही. टाकी बिघडली की दगडाला दोष देण्याआधी त्या घरात सर्वांत आधी कोण उठतं ते विचारावं, एवढं मला माहीत आहे.