माझ्या हातानंतरचं गोमूत्र

मी सुई काढली, टोचल्या जागी कापूस दाबला, तेवढ्यात पेशंटच्या बायकोने, काकूंनी, पर्समधून गोमूत्राची बाटली काढली. माझ्या डोळ्यांदेखत कापूस उचलला आणि नवऱ्याच्या हातावर ते शिंपडलं. मी जिथं जिथं धरलं होतं, तिथं. टोचल्या जागेवरसुद्धा.

मला किळस आली. वासाने नाही. गोठ्याच्या वासात तर मी वाढले. त्या बाईच्या चेहऱ्यावर जो सोज्वळपणा होता ना, त्याने.

मी नर्स. नंदुरबारच्या एका दवाखान्यात केमो झालेल्या पेशंटचं रक्त तपासणीला घ्यायची खोली माझ्याकडे आहे. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरतात, मग साधं इन्फेक्शनही जीव घेतं. हे मी काकूंना दर खेपेला सांगायचे. त्या मान डोलवायच्या. तापीकाठचं बागायतदार घर त्यांचं. मी मोलगीकडची आदिवासी, घरी पावरी बोलणारी. आडनाव कळलं की संपलं.

मी म्हटलं, "काकू, याने जंतू शिरतील. काका हातचे जातील."

"तुन्हा हात लागना ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "शुद्ध करनं पडस."

काका खाली बघत बसले. केमोने करपलेल्या याच माणसाच्या शिरा मी बोटाने चाचपून शोधायचे, त्याला दोनदा टोचायला लागू नये म्हणून.

डॉक्टर आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, मोठी माणसं आहेत, समजून घे, पुढच्या खेपेपासून दुसरी सिस्टर रक्त घेईल. थू! समजून घे म्हणे. आश्रमशाळेपासून हेच ऐकलं. आणि दर वेळी मुकाट बाजूला झाले.

त्या दिवशी नाही झाले. बाटली घेतली, बेसिनमध्ये ओतली. काकांचा हात धरून साबणाने धुतला, स्पिरिटने पुसला, पट्टी लावली. काकू हात लावू नको म्हणत राहिल्या. मी लावत राहिले.

मग सगळ्या पेशंटसमोर डॉक्टरांना सांगितलं, "या खोलीत रक्त मीच घेणार. कुणाचंही."

काका अजून येतात. काकू पर्स दाराबाहेर ठेवतात, किळस तेवढी आत घेऊन येतात. येऊ दे. मी बाजूला होणार नाही.