साडूंचा सायलेन्सर

हिंगोली जिल्ह्यात भित्री माणसं पुष्कळ असतील, पण स्पोर्ट्स कार बाळगणारा भित्रा माणूस एकच आहे आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला आहे. आखाडा बाळापुरात त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. ते विजेला भितात, वीज गेली की अंधाराला भितात, आणि गिऱ्हाइकाचा कागद आपल्या हातून फाटेल म्हणून दिवसभर भितात. केळ खाल्लं की साल हातात धरून डब्यापर्यंत जातात, टाकतात आणि परतताना मागं वळून बघतात, ती बाहेर तर नाही ना आली म्हणून. माझ्या लग्नात पंगतीत वाकून त्यांनी मला हळूच विचारलं होतं, "मंडपाचे बांबू कोणी रोवले?" अहो, मी नवरदेव. मला काय ठाऊक बांबू कुणी रोवले? पण त्यानंतरचं सगळं जेवण मी वर बघत केलं. भीती त्यांना वाटते आणि घाम मला फुटतो, असं आमचं नातं इतकी वर्षं चाललेलं आहे.

अशा माणसानं दोन दारांची, रस्त्याला पोट टेकवून चालणारी निळी गाडी घेतली कशाला? तर भीतीपोटीच. त्यांच्या आईच्या छातीत एकदा कळ आली होती. भाड्याची जीप केली, ती उसाच्या ट्रॅक्टरांमागं रखडत नांदेडला पोचली आणि तिथं कुणीतरी सहज बोलून गेलं, "थोडं आधी आणलं असतं तर." आई गेल्या. ते वाक्य मात्र साडूंच्या कानात राहिलं. पुढं एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या मुलाची हौस फिटली आणि तो आपली जुनी स्पोर्ट्स कार मिळेल त्या किमतीला द्यायला निघाला. दर गतिरोधकाला तिचं पोट खरवडत होतं, म्हणून कुणी घेईना. साडूंनी घेतली. "जिल्ह्यातली सगळ्यात जोरात पळणारी गाडी आपल्या दारात पायजे," म्हणाले. मी विचारलं, "अन् पळवणार कोण?" तर म्हणाले, "येळ आली की बघू." ती येळ येईपर्यंत त्यांनी गाडी चाळीसच्या वर नेली नाही. खताच्या गोण्या आणि वर चार माणसं घेतलेला ॲपे रिक्षा आम्हाला ओलांडून गेलेला मी स्वतः आत बसून पाहिला आहे.

मग रूपा, त्यांची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आता पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत चांगली असेल, पण ती साडूंसारख्या माणसाला विचारून पडलेली नाही. "आपलंच लेकरू, पण लोकाची अमानत हाय," असं म्हणत ते घरभर फिरायचे. पायरी ओली नाही ना बघायचे. पंख्याखाली खाट नको म्हणायचे. आणि नेमका त्याच महिन्यात एका गतिरोधकानं गाडीचा सायलेन्सर फोडला. साडूंचा मला फोन आला तेव्हा आवाज असा, की मला वाटलं घरातलंच कुणी गेलं.

कंपनीच्या नव्या सायलेन्सरची किंमत ऐकून ते खाली बसले. त्या पैशात चांगली दुभती म्हैस आली असती. तेव्हा बाहेरचा, परवडेल असा शोधायचा ठरला, आणि या शोधात मला बरोबर घेऊन नांदेडच्या बाजारात त्यांनी जी काय वणवण केली ती वैऱ्यावरही येऊ नये. साडूंनी जुन्या स्पीकरमधलं चुंबक खिशात आणलं होतं. चुंबक चिकटलं की माल हलका, लवकर गंजणार, असं त्यांना मोबाइलवर कळलेलं. दुकानात शिरले की नमस्कार नाही, चमकणाऱ्या पाइपला आधी चुंबक. पाइप झाले, मग रॅक झाले, मग चहाच्या टपरीवर किटली. शेवटी एक दुकानदार वैतागून म्हणाला, "चाचा, लेना है के नुस्ता चुंबक लगाना है?" साडूंनी त्यालाच विचारलं, "जोडातून धुवां गाडीत आला अन् बसलेला माणूस झोपला तर? उठतो का मग?" दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी रस्त्याकडं पाहिलं.

अखेर दोन नग उरले. एक लांबट होता, आवाज अगदी कमी, पण खाली लोंबणारा. दुसरा आखूड, वर चिकटून बसणारा, पण बोंबलणारा. साडू आवाजाला भितात हे बाळापुरात सगळ्यांना माहीत आहे, दिवाळीत ते कानात कापूस घालून लक्ष्मीपूजन करतात. तरी त्यांनी आखूड घेतला. "लांबटवाला गतिरोधकाला लागला अन् ऐन येळेला तुटला तर? आवाजानं माणूस मरत न्हाई," म्हणाले. तिथल्याच गॅरेजात गाडीला तो बसवल्यावर दाढीच्या ब्रशनं जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघितलं. एक आला. पुन्हा वेल्डिंग करून घेतलं. मग गाडी सुरू केली आणि शेजारची शेळी दावं तोडून गेली. चाळीसचा वेग आणि दोनशेचा आवाज, असे आम्ही नांदेडहून घरी आलो. वाटेत माणसं रस्ता सोडून उभी राहत आणि मग बराच वेळ आमची वाट बघत. "बाळंतपण झालं की हा काढून टाकू," साडू शरमेनं म्हणाले.

ती येळ एका दुपारी आली. मी सहज भेटायला गेलो होतो. रूपाला कळा सुरू झाल्या, गावातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बीपी वाढलाय, नांदेडला हलवा म्हणाल्या. साडूंनी गाडी दारात लावली. रूपानं एक पाय आत घातला, कंबर वाकवली आणि तिथंच अडकली. गाडीची सीट जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीपेक्षा फार उंच नव्हती. साडू सीट मागं ढकलत होते, ती आधीच सगळी मागं होती. "बाबा, न्हाई बसता येत मला ह्याच्यात," रूपा दाराला धरून म्हणाली आणि रडायला लागली. माझी मेव्हणी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं आधीच ॲम्ब्युलन्स बोलावली होती. ती एवढंच बोलली, "चुंबक लावून बघितलं, साबण लावून बघितला. लेकीला एकदा बसवून न्हाई बघितलं?" साडूंचा चेहरा मला बघवेना.

ॲम्ब्युलन्स आली, मायलेकी तिच्यात गेल्या, आणि आम्ही दोघं निळ्या गाडीतून मागं निघालो. चाळीस गेलं, साठ गेलं. मी दाराची कडी धरली. "साडूभाऊ, काहीतरी बोला," ते म्हणाले, "मला लई भेव वाटून राहिलं." मलाही वाटत होतं. पोरीचं काय होतं म्हणून, आणि आमचं काय होतं म्हणूनही. आजवर या माणसानं बैलगाडीलासुद्धा ओलांडलेलं नव्हतं. अर्धापूरजवळ एक ट्रक मध्ये घुसला. सवयीप्रमाणं साडूंनी त्याला वाट दिली आणि ॲम्ब्युलन्स दिसेनाशी झाली. "बगा बरं, समोरून काही येऊन राहिलं का?" मी डोळे उघडले, बघितलं आणि न्हाई म्हणालो. त्यांनी पाय दाबला. त्या गाडीला एवढा आवाज आहे हे तिलाही तेव्हाच कळलं असावं. ट्रक मागं पडला, ॲम्ब्युलन्स पुन्हा दिसली आणि साडू मोठ्यानं रडत गाडी चालवू लागले. मी त्यांना थांबवलं नाही, मीही डोळे पुसत होतो.

ऑपरेशन करावं लागलं. नात झाली, दोघी सुखरूप. दुसऱ्या दिवशी रूपा वडिलांचा हात धरून म्हणाली, "मागून तुमच्या गाडीचा आवाज येऊन राहिला होता, तवर मला धीर होता. मधी बंद झाला ना बाबा, तव्हा मी भेले." सायलेन्सर काढून टाकायची गोष्ट साडूंनी पुन्हा काढली नाही. पण बाळ घरी आल्यावर ते आवाजाला दचकू नये म्हणून त्यांनी एक नवीन काम लावून घेतलं. गाडी दारातून हातानं ढकलत गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि तिथं गेल्यावर सुरू करायची. सारं बाळापूर हसलं, शेजाऱ्यांनी धक्काही मारला.

सव्वा महिन्यानंतर रूपा बाळाला घेऊन सेनगावला सासरी गेली. त्यानंतर एकदा मी बाळापूरला गेलो, आम्हाला औंढ्याला एका लग्नाला जायचं होतं. बघतो तर साडू एक हात स्टेअरिंगवर ठेवून गाडी ढकलायला लागलेले. मी म्हणालो, "आता कोणाची झोप मोडते साडूभाऊ? पोरगी तर गेली."

"व्हय, गेली," ते म्हणाले. थांबले नाहीत. "घर लई गप झालंय. दारात येवढा आवाज कराया भेव वाटतं."

मग मीही मागून हात लावला आणि आम्ही दोघं गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत गेलो.