हसरा फोटो

मालिकेच्या ऑफिसमधून फोन आला. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, सर, तुमचा छान हसरा फोटो पाठवा, समोर बघणारा, मोठा करता येईल असा. आमच्या धंद्यात हसरा फोटो उगाच कोणी मागत नाही. नायिकेचा मोठा दीर, म्हणजे मी, आता हार घालून भिंतीवर जाणार हे कळून चुकलं.

मुंबईत मी सगळ्यांना सांगत सुटलो की मालिकांमध्ये मेलेली माणसंही परत येतात, निदान जुळा भाऊ म्हणून तरी येतात. ऐकणारे हो हो म्हणायचे. मला मात्र काळजी होती ती मायची. वडशाजवळच्या आमच्या गावी ती रोज संध्याकाळी ही मालिका बघते. टीव्हीच्या वर बापाचा फोटो आहे, त्यालाही हार. वर नवरा आणि खाली मुलगा असं बघून तिला काही झालं तर? फोनवर सांगायला जीभ रेटेना. शेवटी ज्या दिवशी तो भाग लागणार होता, त्या दिवशी नागपूरहून बस धरून मी घरीच गेलो.

'काऊन आला मधातच?' मायनं विचारलं. सुटी मिळाली म्हणालो. केबलवाल्याला गाठून तार काढून ठेवायला सांगावं, असंही मनात येऊन गेलं. एरवी दिवसातून चारदा जाणारी लाइट त्या दिवशी जागची हलली नाही, तिचाही मला राग आला.

संध्याकाळी शेजारची काकू येऊन बसली आणि भाग सुरू झाला. मी टीव्हीकडे नव्हे, मायकडे बघत होतो. पडद्यावर रडारड झाली तशी काकूनं पदर तोंडाला लावला, मग मी शेजारीच आहे हे आठवून माझी पाठ चाचपून पाहिली. फोटो दिसला. माय पुढे झुकली. मी घाबरून तिचा हात धरला.

तिनं तो सोडवून घेतला. उमेदीच्या काळात मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या भागात रात्रभर चालणाऱ्या नाटकांत खलनायक होतो. हिवाळाभर गावोगाव शेवटच्या अंकात मरायचो, आणि मायनं ते कितीतरी वेळा पाहिलं होतं.

'नाटकात तू मरे,' ती म्हणाली, 'अन् दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात मराले पुन्हा उभा राहे. इथी पुन्हा मराले मिळत नाई ना, बाबू?'

'नाही मिळत,' मी म्हणालो. काम कायमचं गेलं, हे मुंबईत मी कोणाजवळच कबूल केलं नव्हतं.

'मंग आता?' तिनं विचारलं, आणि टीव्ही बंद करून माझ्या तोंडाकडे बघत बसली.